धर्माच्या गाईचेही दात मोजा

आमच्या पहिल्या बॅचच्या प्रमाणपत्रावर 'अश्विनी' हे नाव कसं छापून आलं ते आधी सांगते. 'श'चा पाय मोडलेला, शेजारी 'व' वेगळाच उभा, आणि 'व'ची वेलांटी 'व'ला सोडून पुढच्या 'न'च्या डोक्यावर, तिथे 'न'ची स्वतःची वेलांटी आधीच बसलेली, म्हणजे एका अक्षरावर दोन छत्र्या. 'ज्ञानेश्वर' तर ओळखूच येईना. आणि कोर्स कसला होता, तर मोडी लिपीचा! दोनशे वर्षांपूर्वीच्या कारकुनाने घाईघाईत, हात न उचलता लिहिलेलं अक्षर लावायला शिकलेली ही माणसं, आणि त्यांना स्वतःचं नाव लावता येईना.

भानगड कळायला दोन रविवार गेले. मूडल म्हणजे आम्ही ज्यावर कोर्स चालवतो ते फुकट सॉफ्टवेअर. त्यातलं प्रमाणपत्राचं प्लगइन, म्हणजे वरून जोडायचा तुकडा, पीडीएफ बनवायला टीसीपीडीएफ नावाची लायब्ररी वापरतं, आणि त्या लायब्ररीला देवनागरीची जोडाक्षरं जुळवता येतच नाहीत, आपण ज्या क्रमाने टाइप केलं त्या क्रमाने ती एकेक अक्षर कागदावर मांडत जाते. ब्राउझरमध्ये तेच नाव झकास दिसतं, म्हणून आम्ही सहा महिने निर्धास्त. प्रमाणपत्राची सोय आहे का? आहे की. सॉफ्टवेअर निवडताना आम्ही जो तक्ता केला होता त्यात त्या रकान्यात बरोबरची खूण होती.

आपल्याकडे म्हण आहे, धर्माची गाय अन् दात का नाय. फुकट मिळालंय ना, मग खोड काढू नका. ओपन सोर्स, म्हणजे ज्याचा कोड सगळ्यांसाठी खुला असतो अशा सॉफ्टवेअरच्या बाबतीत ही म्हण डोक्यातून काढून टाकावी असं माझं ठाम मत झालंय. ही गाय दाराशी बांधली की पुढची पाच वर्षं तिचं शेण-पाणी आपल्यालाच करायचंय, त्यामुळे दात मोजायचेच, खूर बघायचे, आणि दूध काढणारं माणूस घरात आहे का हेही बघायचं. दुसरं म्हणजे हे सगळं बघणं एकेकट्या मंडळाच्या आवाक्यातलं नाही, हे आपण मान्य करायला पाहिजे. त्यावर शेवटी येते.

आमचा ग्रुप म्हणजे साधारण तीनशे माणसं. निवृत्त बँकवाले, दोन-तीन वकील, इतिहासाचे विद्यार्थी, जमिनीचे जुने कागद घरात पडलेत म्हणून आलेले शेतकरी, आणि परदेशातली काही मंडळी ज्यांना आजोबांची पत्रं वाचायचीत. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्या. संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि मोडी वाचणाऱ्यांची अचानक शोधाशोध सुरू झाली, तेव्हापासून गर्दी आणखी वाढली. सुरुवात अर्थातच व्हॉट्सॲपवर. रोज एक कागद टाकायचा, सगळ्यांनी ओळी लावायच्या. पण व्हॉट्सॲप फोटो दाबून बारीक करतं, आणि मोडीत एक बारीकशी शेपटी इकडची तिकडे गेली की शब्द बदलतो. शिवाय गेल्या मार्चमध्ये कोणीतरी 'पैवस्ती', म्हणजे कागद पोचल्याची नोंद, कशी ओळखायची हे इतकं सुंदर समजावलं होतं, ते आता गुड मॉर्निंगच्या ढिगाखाली कुठे आहे देवाला ठाऊक, आणि नवीन आलेला माणूस तोच प्रश्न चौदाव्यांदा विचारतो.

मधे एक वर्ष आम्ही एका पैसे घेऊन कोर्स चालवून देणाऱ्या ॲपवर होतो. नाव सांगत नाही. ॲप बरं होतं हो. पण दुसऱ्या वर्षी दर वाढला आणि आम्ही निघायचं ठरवलं तेव्हा हातात काय मिळालं, तर नावं-नंबरांची एक एक्सेल फाइल. वर्षभर लोकांनी एकमेकांच्या चुका दुरुस्त करत लिहिलेल्या दीड-दोन हजार प्रतिक्रिया, कागदाखाली कागद, सगळं तिकडेच राहिलं. व्हिडिओ आमच्याकडे होते, प्रश्नपत्रिका परत बनवता येतात, पण ती चर्चा परत कशी घडवणार? शिकणाऱ्यांच्या गटाची खरी कमाई ती असते, आणि तीच बाहेर काढायला बटण नव्हतं. तिथून आम्ही ओपन सोर्सकडे वळलो. तत्त्वासाठी वगैरे नाही, पोळलो म्हणून.

मग समिती नेमली. मराठी माणसं आहोत, समिती नेमल्याशिवाय चहासुद्धा होत नाही. समितीने सेहेचाळीस रकान्यांचा तक्ता केला: क्विझ आहे का, बॅज आहे का, मोबाइल ॲप आहे का, लाइव्ह क्लास होतो का. आणि गंमत अशी की सगळ्यांना सगळीकडे बरोबरच्या खुणा मिळाल्या. आज कुठलंही नावाजलेलं एलएमएस, म्हणजे ऑनलाइन कोर्स चालवायचं सॉफ्टवेअर, घ्या, रकान्यांत ते पासच होणार. अशा तक्त्यातून काय निवडायचं, कप्पाळ?

चार नावं उरली. ओपन एडएक्स हे सगळ्यात भारदस्त. एमआयटी आणि हार्वर्डने २०१२ मध्ये एडएक्स काढलं, २०१३ मध्ये त्याचा कोड खुला केला, आपल्या आयआयटी मुंबईचं आयआयटीबॉम्बेएक्स त्याच्यावरच उभं आहे. आता ते बसवायला ट्यूटर नावाचं साधन आहे आणि खरं सांगायचं तर पूर्वीपेक्षा फारच सोपं झालंय, पण तरी चार जीबी रॅम ही त्याची किमान भूक, आठ असलेली बरी, आणि आत पायथन, मायएसक्यूएल, मोंगोडीबी असा सगळा लवाजमा. हजारो लोकांनी एकाच वेळी एकच कोर्स करायचा असेल तर याच्यासारखं नाही. आमच्या तीनशेंसाठी म्हणजे चौघांच्या जेवणाला मंगल कार्यालय घेतल्यासारखं. त्यात ते मुळात 'प्राध्यापक शिकवणार, बाकीचे ऐकणार' या पद्धतीचं आहे, चर्चा त्यात मागच्या ओसरीवर.

कॅनव्हास दिसायला सगळ्यात देखणं. अमेरिकेत शिकणाऱ्या आमच्या एका मेंबरच्या मुलीने त्याचीच शिफारस केली होती. कोड २०११ पासून खुला आहे. पण कंपनी जे विकते ते सगळंच त्या खुल्या कोडमध्ये नाही, त्यांची नवी क्विझ आपण स्वतःच्या सर्व्हरवर बसवलेल्या कॅनव्हासमध्ये मिळत नाही. म्हणजे दुकानाच्या काचेत पैठणी आणि खुल्या कोडवाल्यांसाठी आत वेगळं कपाट. जी कंपनी २०२४ मध्ये ४८० कोटी डॉलरला विकली गेली तिच्या मालकांना आपल्यासारख्या फुकट्या मंडळींची काळजी किती असणार, हे समजायला एमबीए लागत नाही.

फ्रॅपे एलएमएसवर माझा जीव होता, कबूल करते. मुंबईची कंपनी, धंद्याचे व्यवहार सांभाळणारं ईआरपीनेक्स्ट बनवणारी, कोड पूर्ण खुला, आणि पडद्यावर इतकं साधं की आमच्याकडे मोडी शिकवणाऱ्या काकांनी विचारलं "बाकीचं कुठंय?" कोर्स, धडे, बॅच, क्विझ, प्रमाणपत्र, संपलं. व्हिडिओ बघत सरळ पुढे जायचे कोर्स असतील तर डोळे झाकून घ्या. आमचं घोडं तिथे अडलं नाही, चर्चेपाशी अडलं. एका कागदावर चाळीस जणांचे वाचन-वाद, त्यात परत प्रत्येकाने स्वतःचं वाचन दिल्याशिवाय दुसऱ्याचं दिसू नये अशी आमची अट, ती तिथे बसेना.

आणि मूडल. दिसायला सरकारी कचेरी. ४.० पासून, म्हणजे २०२२ पासून, जरा रंगरंगोटी झालीय, पण एक साधी असाइनमेंट टाकायला गेलं तरी एवढे पर्याय समोर येतात की पासपोर्टचा फॉर्म बरा. तरी आम्ही तेच घेतलं, आणि ते का घेतलं हे तक्त्यातून कधीच कळलं नसतं. मूडल सुरू केलं ऑस्ट्रेलियातल्या पर्थच्या मार्टिन डूगियामासने, पहिली आवृत्ती २००२ ची. हा माणूस लहानपणी वाळवंटातल्या दूरच्या वस्तीत राहायचा आणि शाळा शॉर्टवेव्ह रेडिओवरून करायचा. माझा आपला अंदाज आहे की लांब लांब विखुरलेल्या माणसांनी एकमेकांशी बोलत शिकायचं असतं हे त्याच्या हाडात भिनलं असणार, कारण मूडलमध्ये चर्चा हा मधला खांब आहे. 'प्रश्न आणि उत्तर' प्रकारचा फोरम घेतला की तुम्ही स्वतः लिहिल्याशिवाय दुसऱ्याचं उत्तर दिसत नाही. आमची अट, तयार! शब्दसंग्रह म्हणून एक सोय आहे, त्यात 'मजकूर', 'किता', 'बितपशील' असे दफ्तरी शब्द सगळ्यांनी मिळून भरत जायचे. मोडीसाठी कोणी हे बनवलेलं नाही, पण बसतं.

आता दात मोजायची गोष्ट. आम्ही मोजले उशिरा, तुम्ही आधी मोजा.

पहिला दात भाषेचा. चाचणी घ्यायची ती 'टेस्ट टेस्ट' असं इंग्रजीत लिहून कधीही घेऊ नका, ते सगळीकडे चालतंच. आमच्याकडे काय झालं बघा. मोडी २०१४ मध्ये युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकासाठी जगातल्या लिप्यांच्या अक्षरांना नंबर देणाऱ्या यादीत आली, ७.० आवृत्तीत, पण तिला जागा मिळाली ती अगदी लांबच्या वॉर्डात. देवनागरीच्या एका अक्षराला तीन बाइट पुरतात, मोडीला चार लागतात. आणि मायएसक्यूएल या डेटाबेसमधली अक्षरं साठवायची जुनी, 'यूटीएफ-८' नावाची जी पद्धत आहे ती फक्त तीन बाइटपर्यंतचंच साठवतं! चार बाइटवाल्यासाठी यूटीएफ८एमबी४ लागतं. आमच्या स्वस्तातल्या पहिल्या होस्टिंगवर जुनी पद्धत होती. काकांनी पहिला धडा लिहिला, सेव्ह केला, आणि मोडी अक्षरांपाशी घोडं अडलं, समोर डेटाबेसची एक अगम्य इंग्रजी एरर, आणि अख्खा धडा गायब. काकांना वाटलं आपणच काहीतरी दाबलं. त्यांनी तो धडा तीनदा टाइप केला. तीनदा! अजून आठवलं की मला लाज वाटते. (इमोजीसुद्धा चार बाइटवालेच, त्यामुळे मोडी शिकवत नसाल तरी हा खड्डा तुमच्या वाटेत आहे.)

मोडी राहू दे, साध्या मराठीत बघा. 'दुसऱ्या' हा शब्द दोन तऱ्हेने टाइप होतो, काही कीबोर्ड ऱ वापरतात, काही र-ला हलन्त देऊन मधे एक न दिसणारं जोडचिन्ह घालतात. डोळ्याला दोन्ही सारखेच. पण एका शब्दाचं उत्तर मागणाऱ्या प्रश्नात शिक्षकाने एका तऱ्हेने उत्तर भरलंय आणि विद्यार्थ्याने दुसऱ्या तऱ्हेने लिहिलंय, तर मशीन म्हणतं चूक. साताऱ्याच्या एका आजींचे असेच चार गुण गेले आणि त्या फोनवर म्हणाल्या, "अगं मी बरोबरच लिहिलंय, तू चष्मा लाव." आजींचं बरोबर होतं. तसंच आकड्यांचं, संख्येचं उत्तर मागणाऱ्या प्रश्नात कोणी देवनागरीत १७६१ लिहिलं तर गुण शून्य, इंग्रजी आकडे हवेत. पानिपतचं साल मराठीत लिहिलं म्हणून चूक, काय बोलायचं!

असल्या गोष्टी कुठल्याही तुलनेच्या लेखात सापडत नाहीत, कारण ते लेख लिहिणाऱ्याला ऱ ची गरज कधी पडलेलीच नसते. त्यामुळे दुसऱ्याचा रिव्ह्यू वाचून सॉफ्टवेअर निवडणं म्हणजे दुसऱ्याच्या पायाचं माप देऊन चप्पल शिवणं. आपल्याच दहा माणसांना बसवा, त्यात एक सत्तरीचा हवा आणि एक असा हवा ज्याचा फोन पाच वर्षं जुना आहे, आणि त्यांना सांगा लॉगिन करा, फोटो चढवा, एक परिच्छेद लिहा. गप्प बसून बघा. आमचे निम्मे तर लॉगिनपाशीच अडले, कारण ईमेल पासवर्ड कोणाला आठवतोय, माणसं मोबाइल नंबर आणि ओटीपीला सरावलेली, आणि तसं लॉगिन मूळ मूडलमध्ये नाही, प्लगइन लागतं. वर एसएमएस पाठवायचे तर टेलिकॉम कंपन्यांकडे डीएलटी नावाची नोंदणी करा. आम्ही ते सोडून दिलं आणि प्रत्येकाला फोन करून आत घेतलं. तीनशे फोन. चौघांनी वाटून घेतले, तरी दिवाळीची सुट्टी त्यातच गेली.

दुसरा दात म्हणजे सांभाळणारा. हा सगळ्यात दुखरा. मूडलमध्ये क्रॉन नावाचं एक काम पाठीमागे सतत चालू राहावं लागतं, तेच मेल पाठवतं, तेच साफसफाई करतं. गेल्या पावसाळ्यात आमचा सर्व्हर रीस्टार्ट झाला आणि क्रॉन बंद पडलं. नऊ दिवस कोणाला मेल नाही. साइट चालू, लोक लिहितायत, पण कळत कोणालाच नाही, त्यामुळे प्रत्येकाला वाटलं की बाकीचे थंडावले, आणि मग खरंच थंडावले. दोष कोणाचा? आमचाच. 'ॲडमिन' म्हणून ज्या मुलाचं नाव होतं त्याची नोकरी बदलली होती, तो बिचारा बंगळुरूला घर शोधत होता. सर्व्हरचा पासवर्ड त्याच्याकडे आणि फक्त त्याच्याकडेच.

म्हणून आता कोणी विचारलं की कुठलं सॉफ्टवेअर घेऊ, तर मी उलट विचारते, तुमच्यातली दोन माणसं सांगा. एक नको, दोन. महिन्यातून एक रविवार देतील अशी. ती दोन नावं नसतील तर कुठलंच घेऊ नका. मूडलची नवी आवृत्ती दर सहा महिन्यांनी येते, एवढ्या मागे धावायची गरज नाही, लांब पल्ल्याची आवृत्ती घ्यायची, ४.५ तशी आहे, ऑक्टोबर २०२४ ला आली, तिच्या सुरक्षेच्या दुरुस्त्या तीन वर्षं मिळत राहतात. पण त्या दुरुस्त्या आपल्या आपण बसत नाहीत ना, कोणीतरी बसवाव्या लागतात. आणि प्लगइनचा मोह आवरायचा. मूडलला हजारावर प्लगइनं आहेत, प्रत्येक म्हणजे जगात कुठेतरी कोणीतरी बहुतेक संध्याकाळी घरी बसून सांभाळत असलेलं काम, त्याला मूल झालं की अपडेट थांबतं. आमच्याकडे पहिल्या उत्साहात सतरा होती. आता तीन.

तिसरा दात बाहेर पडायच्या वाटेचा. पोळलेली माणसं आम्ही, त्यामुळे बॅकअप रोज घ्यायचो. घ्यायचो हो, पण तो परत उभा राहतो का हे कधी बघितलंच नव्हतं. एका शनिवारी एका जुन्या लॅपटॉपवर उभा करून बघितला. सगळं आलं, नावं आली, चर्चा आल्या, आणि एकही फोटो नाही. मूडलमध्ये लिहिलेला मजकूर डेटाबेसमध्ये असतो, पण चढवलेल्या फायली वेगळ्या मूडलडेटा नावाच्या फोल्डरमध्ये, आणि आमची स्क्रिप्ट फक्त डेटाबेस उचलत होती. मोडीच्या ग्रुपमध्ये कागदांचे फोटो गेले म्हणजे राहिलं काय, "तिसऱ्या ओळीत 'राजश्री' नाही, 'राजमान्य' आहे" असली वाक्यं, कुठली तिसरी ओळ ते विचारू नका. त्या दिवशी खरोखर सर्व्हर गेला असता तर ॲपवर जे गमावलं तेच परत गमावलं असतं, फरक इतकाच की शिव्या द्यायला कंपनीही नसती.

पण इथेच ओपन सोर्सची बाजूही घ्यावी लागेल. एडएक्सचं काय झालं आठवा. २०२१ मध्ये ते टूयू नावाच्या कंपनीला ८० कोटी डॉलरला विकलं गेलं, २०२४ मध्ये टूयूने दिवाळखोरीचा अर्ज केला. बंद कोड असता तर त्यावर उभ्या असलेल्या जगभरच्या विद्यापीठांच्या तोंडचं पाणी पळालं असतं. पण कोड खुला होता, तो ना-नफा संस्थेकडे राहिला, आणि लोक पुढे काम करत राहिले. कंपनी बुडाली तरी विहीर गावाची राहते. आमच्या जुन्या ॲपच्या बाबतीत विहीर त्यांची, रहाट त्यांचा, आम्ही फक्त घागर घेऊन गेलेलो.

यावर आमच्या ग्रुपमधल्या आयटीवाल्यांचं म्हणणं, एवढा उपद्व्याप कशाला, गूगल क्लासरूम घ्या, यूट्यूबवर व्हिडिओ टाका, झालं. तीस माणसांची सहा आठवड्यांची बॅच असेल तर मी स्वतः हेच सांगेन, आणि वर सांगेन की एलएमएसचं नावही काढू नका. पण जिथे माणसं वर्षानुवर्षं येणार-जाणार आहेत आणि एकमेकांच्या लिहिलेल्यावर शिकणार आहेत, तिथे ते लिहिलेलं कोणाच्या अंगणात ठेवायचं हा प्रश्न टळत नाही. शिवाय आमच्याकडे शाळेतली मुलंही आहेत. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात अठराच्या आतल्यांसाठी पालकांची संमती लागते, तेव्हा त्यांचे नंबर कुठे कुठे पसरलेत ते आपल्याला माहीत असलेलं बरं.

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे. सरकारचं शाळांसाठीचं दीक्षा आहेच की, सनबर्ड नावाच्या सॉफ्टवेअरवर उभं, कोडही खुला, बालभारतीच्या पुस्तकांतले क्यूआर कोड तिकडेच नेतात. आहे, आणि चांगलंय. पण ते देशभरच्या शाळांसाठी बांधलेलं धरण आहे, त्यातून आमच्या वाफ्याला पाट कसा काढायचा? सनबर्ड स्वतः बसवायचं म्हटलं तर तीनशे माणसांच्या मंडळाने त्या वाटेला जाऊच नये.

म्हणजे एका टोकाला धरण, दुसऱ्या टोकाला प्रत्येकाची घागर. मधलं काही नाहीच. आणि हे आपल्याकडे, महाराष्ट्रात, जिथे दुधापासून साखरेपर्यंत सगळं सहकारी तत्त्वावर करून झालंय! (त्याचं पुढे काय झालं ते मला सांगू नका, माहितीय.) माझ्याच ओळखीत पाच गट आहेत ज्यांनी आपापलं मूडल थाटलंय. एक संस्कृत संभाषणवाले, एक किल्ल्यांचा अभ्यास करणारे, एक परदेशातली मराठी शाळा, एक सेंद्रिय शेतीवाले, आणि आम्ही. पाचही जणांनी तोच प्रमाणपत्राचा मार खाल्लाय, पाचही जणांचे मेल स्पॅममध्ये जातात, पाचही जणांकडे एकेकच ॲडमिन आणि तो लग्नाच्या किंवा नोकरीच्या वाटेवर. पाच ठिकाणी भाडं आणि पाच ठिकाणी रविवार. मूडलमध्ये एका बसवणीत वेगवेगळे विभाग करून प्रत्येकाला आपापला व्यवस्थापक देता येतो, आणि परवानग्या नीट लावल्या तर एकाला दुसऱ्याचं दिसतही नाही. मग पाच गटांनी मिळून एक का चालवू नये? वर्गणी काढा, प्रत्येकाने दोन माणसं दिली की पाच गटांचे दहा रविवारवाले लोक होतात, एकाची बदली झाली तरी आभाळ कोसळत नाही. पंपाला जशी पाळी लावतात तशी पाळी लावायची.

यात भांडणं होणार, मान्य. थीमचा रंग भगवा की निळा इथपासून होतील. शेतीवाल्यांनी आताच विचारलंय की संस्कृतवाल्यांचे व्हिडिओ एवढे जड का. पण भांडण झालं आणि एखादा गट निघाला तरी त्याला आपले कोर्स बॅकअप करून, माणसं आणि चर्चांसकट, दुसऱ्या मूडलवर नेता येतात, आणि ही अट लेखी, आधीच ठरवायची. निघून जाता येणार नसेल तर एकत्र येऊच नये असं मी तर म्हणेन.

आणि विद्यापीठांना माझं एक सांगणं आहे. आपली सार्वजनिक विद्यापीठं, कॉलेजं करोनानंतर एलएमएसच्या मागे लागली, कोणी विकत घेतलं, कोणी मूडल बसवून घेतलं, जनतेच्याच पैशातून. त्यातल्या एकाने जरी टेंडरमध्ये एक ओळ घातली असती की देवनागरी पीडीएफ नीट निघाली पाहिजे आणि जी दुरुस्ती कराल ती मूळ प्रकल्पाला परत द्या, तर आज अश्विनीचं नाव नीट छापलं गेलं असतं, आमच्याकडेही आणि बाकी सगळीकडेही. मूडलचं मराठी भाषांतरही अर्धंमुर्धं आहे, एका ओळीत मराठी, खालच्या ओळीत इंग्रजी. ते कोणीही घरी बसून भरू शकतं, आमच्यातल्या दोन निवृत्त शिक्षिका रोज संध्याकाळी मालिका लागायच्या आधी वीस-वीस ओळी करतात. 'सबमिट'ला 'सादर करा' की 'पाठवा' यावर त्यांचं चार दिवस भांडण चाललं होतं. 'पाठवा' जिंकलं. विद्यापीठाच्या मराठी विभागाला हे एका सत्राचं प्रात्यक्षिक म्हणून देता येईल, मुलांचं नाव होईल, पण त्यासाठी आधी सॉफ्टवेअर ही मराठी विभागाची गोष्ट आहे असं कोणाला तरी वाटायला हवं.

प्रमाणपत्राचं विचाराल तर सध्या आम्ही नावाची जागा कोरी ठेवून छापतो आणि काका बोरूने, मोडीत, एकेकाचं नाव लिहितात. लोकांना ते एवढं आवडलंय की एकाने फ्रेम करून लावलं. परवा मी काकांना म्हटलं, प्लगइनची दुरुस्ती झाली की तुमचा हात सुटेल. ते बोरू पुसत म्हणाले, "ते बघू गं. मूडलडेटाचा बॅकअप घेतलास का आज?"

नव्हता घेतला.